मुंबईला लवकर पोहोचा, गेटवर नको

बडोदेकराला वेळेआधी पोहोचायचं बाळकडू घरातच मिळतं. रात्री साडेअकराची गाडी असली की दहालाच दांडिया बाजारातून रिक्षा निघते, आणि सयाजीगंजच्या बाजूनं स्टेशनात शिरून मंडळी बॅगांवर बसून थेपले सोडतात. रेल्वेत या सवयीनं काही बिघडत नाही. फलाट सगळ्यांचा असतो, पंखा असतो, नळ असतो, बाकडं मिळालं तर मिळालं.

क्रूझच्या बाबतीत हीच सवय अंगाशी येते. बोर्डिंग पासवर स्वच्छ लिहिलेलं असतं की तुमची वेळ दुपारी १:०० ते १:३०. तरी साडेदहालाच मुंबईत क्रूझच्या धक्क्याशेजारच्या बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर सहा बॅगा, दोन ज्येष्ठ मंडळी, एक कंटाळलेलं पोर आणि ‘आधी गेलो तर आधी सोडतील’ हा ठाम विश्वास घेऊन कुटुंब उभं असतं. सोडत नाहीत. गेटवरचा माणूस पास बघतो, घड्याळ बघतो आणि बाजूला व्हायला सांगतो. अडीच तास उन्हात काढून शेवटी हे कुटुंब जहाजात शिरतं ते सव्वा वाजता निवांत आलेल्या माणसाच्या बरोबरीनंच.

हा नियम आडमुठेपणाचा वाटतो, पण त्यामागचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. ज्या दिवशी तुम्ही चढता त्याच दिवशी सकाळी तेच जहाज आधीच्या फेरीचे प्रवासी उतरवत असतं. शेवटचा प्रवासी उतरल्याची मोजदाद पूर्ण झाल्याशिवाय पहिला नवा प्रवासी आत घेत नाहीत. त्याच चार-पाच तासांत शेकडो केबिनच्या चादरी बदलायच्या, कचरा उतरवायचा, भाजीपाला, दूध, पाणी, इंधन चढवायचं. म्हणजे तुम्ही सकाळी नऊला पोहोचलात तरी चढायला जहाज रिकामंच नसतं.

आता आकडे घ्या. मुंबईहून चालणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’सारख्या जहाजावर साधारण १,८०० प्रवासी मावतात. समजा, दुपारी १२ ते ४ अशी चार तासांची बोर्डिंगची वेळ आहे. तासाला ४५०, अर्ध्या तासाला २२५, मिनिटाला साडेसात माणसं. एका माणसाच्या कागदपत्रांना दोन मिनिटं धरली तर १५ काउंटर एक क्षणही न थांबता चालायला हवेत. आता १२ च्या स्लॉटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या अर्ध्या तासाच्या, २२५ लोकांबरोबर १२:३० आणि १ च्या स्लॉटमधले निम्मे लोक आधीच येऊन उभे राहिले, तर १२ वाजता रांगेत ४५० माणसं. अर्ध्या तासात २२५ सरकतात, २२५ उरतात. साडेबाराला अगदी वेळेवर आलेल्या माणसांच्या पुढं आता ही २२५ उभी. लवकर आलेल्यांचा फायदा शून्य आणि वेळेवर आलेल्यांना अर्ध्या तासाचा भुर्दंड. त्यातून मधलं एखादं एक्स-रे यंत्र बंद पडलं तर हिशोबच संपला. म्हणून गेटवरच गाळणी लावतात.

आणि एक बारकावा, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लवकर येणं चालत नाही, पण थोडा उशीर चालतो. १:०० चा स्लॉट असताना दोनला पोहोचलात तर सहसा कुणी परत पाठवत नाही. त्या वेळच्या रांगेत शेवटी उभं करतात, एवढंच. खरी लक्ष्मणरेषा वेगळी असते, गेट बंद होण्याची. ती जहाज सुटण्याच्या साधारण एक ते दोन तास आधी असते आणि प्रत्येक कंपनीच्या पासवर छापलेली असते. त्या रेषेच्या पलीकडे हातापाया पडूनही उपयोग नाही, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंद करून बंदराला द्यायची असते आणि जहाजावर माणसं नेमकी किती हे सुटण्याआधी मोजलेलं असणं हा आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम आहे.

तेव्हा पासवरच्या तीन वेळा वेगळ्या ओळखायला शिका: टर्मिनलच्या दाराशी यायची वेळ, गेट बंद होण्याची वेळ, आणि जहाज सुटण्याची वेळ. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातली कुठली तरी एकच फिरत असते आणि बहुधा चुकीची. ‘पाच वाजता जहाज आहे’ एवढंच काकांना कळलं तर ते साडेचारला येतील. रेल्वेचा हिशोब इथं लावला तर जहाज धक्क्यावरून हात हलवताना दिसतं.

सुटण्याआधी इतका वेळ का राखतात, याचं अर्धं उत्तर मस्टर ड्रिलमध्ये, म्हणजे संकटात कुठं जमायचं याच्या सरावात आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिव्हितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांना लाइफबोटीची जागा कुठं हे दाखवलेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमानं ते २४ तासांत केलं तरी चालत होतं. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच. त्यामुळं शेवटच्या मिनिटाला येणाऱ्यांसाठी कुणी थांबत नाही.

आता बडोद्याहून जाण्याचा हिशोब. लोहमार्गानं मुंबई सेंट्रल चारशे किलोमीटरला थोडं कमी. तीन पर्याय आहेत आणि स्लॉटवरून पर्याय ठरवायचा. आधी गाडीचं तिकीट आणि मग स्लॉट असं केलं की घोळ होतो.

पहिला, रात्रीची गाडी. पहाटे मुंबईत उतरता, जेवढी लेट होईल तेवढी होऊ दे, दुपारच्या स्लॉटला धोका नाही. पण पहाटेपासून दुपारपर्यंत करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो आणि इथंच मंडळी सरळ गेट गाठतात. तसं करू नका. मुंबई सेंट्रलच्या क्लोकरूममध्ये मोठ्या बॅगा ठेवा. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, त्यामुळं दोर बांधलेली पिशवी किंवा चेन तुटलेली बॅग घेत नाहीत. पडायचं असेल तर स्टेशनातच वेटिंग रूम, रिटायरिंग रूम आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं पॉड हॉटेल आहे. भारतीय रेल्वेचं ते पहिलंच. पॉडमध्ये आडवं होता येतं, अंघोळ होते. मात्र गुडघेदुखीच्या माणसाला वरचा पॉड देऊ नका.

दुसरा पर्याय, सकाळची वंदे भारत. अहमदाबादहून येणारी ही गाडी बडोद्याला सातच्या सुमारास मिळते आणि साडेअकराच्या पुढं मुंबई सेंट्रलला सोडते. वेळापत्रक बदलत राहतं, तिकीट काढताना बघून घ्या. दोन वाजताचा किंवा त्यानंतरचा स्लॉट असेल तर ही गाडी उत्तम: उतरा, जेवा, टॅक्सी करा. एकचा स्लॉट असेल तर चालून जाईल पण घास घशाखाली उतरायचा नाही. साडेबाराच्या आतला स्लॉट असताना हिच्यावर विसंबू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही. विरारच्या अलीकडं-पलीकडं रुळांवर पाणी आलं की सगळ्या गाड्या एकामागोमाग उभ्या राहतात.

तिसरा, आदल्या दिवशी जाऊन फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास मुक्काम. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल किंवा सहलीचा खर्च मोठा असेल तर हाच मार्ग. हॉटेलची चेक-आउटची वेळ आधी विचारा. सकाळी दहाला खोली सोडायला लावणारं हॉटेल असलं की पुन्हा बॅगांसह फुटपाथ आलाच. खोली सोडून सामान रिसेप्शनला ठेवू देतात का, हेही बुक करतानाच विचारून घ्या.

स्वतःच्या गाडीनं जाणारे चौथे, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. सकाळी सहाला निघून भरूच, वापी पार करत दुपारी पोहोचू असं सगळेच म्हणतात, आणि विरारपासून घोडबंदरपर्यंतचा टप्पा ते पोहोचणं रोज खोटं ठरवतो. शिवाय गाडी चार दिवस ठेवायची कुठं?

मुंबई सेंट्रलहून बॅलार्ड पिअर पाच-सहा किलोमीटर. टॅक्सीला वीस मिनिटं ते पाऊण तास, वाहतुकीवर. सामान कमी असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ ची पूर्ण लाइन सुरू आहे; मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाचं नाव जगन्नाथ शंकर शेठ आहे, तिथून सीएसएमटी, मग पुढं टॅक्सी. मोठ्या बॅगा असतील तर हा खटाटोप नको.

टॅक्सीवाल्याला ‘जहाजाच्या धक्क्यावर’ असं सांगितलं तर तो तुम्हाला तीनपैकी कुठंही नेईल. गेटवे ऑफ इंडिया हा एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचचा. भाऊचा धक्का माझगावला. तिथून रेवस-उरणच्या लाँच आणि मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुटते. क्रूझची जागा बॅलार्ड पिअर, बॅलार्ड इस्टेटच्या बाजूनं. तिथलं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन उभं आहे. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. कुठल्या गेटनं आत घेणार हे पासवर आणि आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये असतं. ग्रीन गेट म्हटलेलं असेल तर टॅक्सीवाल्यालाही ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ असंच सांगा. भाऊच्या धक्क्यावर उतरून मग उलटं येण्यात अर्धा तास आणि डोकं दोन्ही जातं.

बंदराचा परिसर सीआयएसएफच्या ताब्यात असतो. टॅक्सी आत जाऊ देतील की दारातच उतरावं लागेल हे त्या दिवशीच्या बंदोबस्तावर. दारात उतरावं लागेल असं धरूनच सामान बांधा: प्रत्येकाला स्वतःची बॅग स्वतः ओढता आली पाहिजे. हजीरा-घोघा रो-रोला गाडीसकट आत शिरायची सवय असलेल्यांना हे विशेष सांगायला हवं. तिथला मोकळेपणा इथं नाही.

मग गेटवर नेमकं कधी पोहोचायचं? स्लॉट सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. फार तर वीस. त्यापेक्षा आधी आलात तर हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसा. झाडांची सावली आहे, बाकं आहेत, समोर टाउन हॉलच्या पायऱ्या आहेत, फोर्टातल्या इराण्याकडं चहा आणि ब्रून-मस्का मिळतो, आणि गेट टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर. बॅगा क्लोकरूमला किंवा हॉटेलात असतील तरच ही चैन जमते, म्हणून आधी सामानाचा बंदोबस्त.

निघण्याआधी सकाळी एक काम करा. फोनवर मरीनट्रॅफिकसारखं अ‍ॅप उघडून जहाजाचं नाव टाका. जहाजांची जागा दाखवणारी ही माहिती फुकट दिसते. सकाळी आठ-नऊपर्यंत ते धक्क्याला लागलेलं दिसलं तर सगळं वेळेवर आहे. अजून बाहेर समुद्रातच असेल तर स्लॉट पुढं सरकणार हे नक्की समजा आणि हॉटेलातून घाई करू नका. कंपनीचा मेसेज नंतर येतो, कधी ईमेलच्या स्पॅममध्ये जाऊन बसतो, आणि ज्या चुलतभावानं बुकिंग केलं त्याच्या नंबरवर येतो. तो चुलतभाऊ तेव्हा झोपलेला असतो.

स्लॉट निवडण्याबद्दल. वेब चेक-इन उघडतं त्या दिवशीच करा. दुपारचे पहिले स्लॉट आधी संपतात. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीकडं ते ४५ दिवस आधी उघडतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. दोन केबिन असतील तर प्रत्येक केबिनचा स्लॉट वेगळा निवडावा लागतो, ही खरी गोम. मुलाच्या केबिनला १२:३०, आई-बाबांच्या केबिनला ३:०० असं होऊन बसतं. दोन फोन शेजारी ठेवून दोन्ही बुकिंग एकाच वेळी पुरी करा. तरी फरक पडलाच तर सगळ्यांनी उशिराच्या स्लॉटला जाणं सर्वांत निर्धोक. लवकरच्या स्लॉटला सगळे एकत्र सोडतीलच असं नाही, आणि सोडलं नाही तर आई-बाबाच बाहेर राहतात.

पहिला स्लॉटच चांगला, हा समज मात्र तपासून घ्या. बाराला चढलात तरी केबिन बहुधा दीड-दोनशिवाय मिळत नाही. तोवर हातातल्या पिशव्या घेऊन बुफेत जागा शोधत फिरायचं, आणि तिथं त्या वेळी सगळं जहाज जेवायला आलेलं असतं. लहान मुलं आणि पोहायची घाई असेल तर पहिला स्लॉट घ्या, म्हणजे पूल रिकामा मिळतो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन-अडीचचा घ्यावा: बाहेर नीट जेवून यावं, रांग ओसरलेली असते, केबिन उघडलेली असते, जाऊन थेट आडवं होता येतं. अगदी शेवटचा स्लॉट मात्र नको. कागदात काही खोट निघाली तर ती दुरुस्त करायला मागं वेळच उरत नाही.

खोट कुठली निघते? बडोद्याच्या मराठी घरांत एक खास. आपल्याकडच्या कागदांवर कधी ‘भाई’, ‘बेन’ चिकटून आलेलं असतं. आधारवर ‘सुनंदाबेन’, पासपोर्टवर ‘सुनंदा’, आणि बुकिंग केलं मुलीनं, तिनं टाकलं सासरचं नाव, आईला माहेरच्या नावाचं पॅन. काउंटरवरच्या मुलीला या तिघी एकच आहेत हे पटवायला दहा मिनिटं लागतात. जे ओळखपत्र नेणार तेच समोर ठेवून, अक्षर न अक्षर तसंच नाव बुकिंगमध्ये टाका. देशातल्या फेरीला आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स घ्या. पॅन कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. मूळ कागद घ्या, फोनमधला फोटो पुरत नाही. लहान मुलाचंही ओळखपत्र किंवा जन्मदाखला लागतो. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र सोबत ठेवा. गर्भवतींना २४ आठवड्यांची मर्यादा बहुतेक कंपन्यांची असते, आणि ती फेरी संपण्याच्या तारखेला मोजतात, चढण्याच्या नाही. डॉक्टरांच्या पत्रावर आठवडे लिहून घ्या.

आतला क्रम असा. दारात पास आणि ओळखपत्र, मग मोठ्या बॅगा हमाल-पोर्टरांच्या स्वाधीन, मग एक्स-रे आणि अंगझडती, मग काउंटर, तिथं फोटो आणि केबिनचं कार्ड, परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन, मग गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायचा पूल. सगळं सुरळीत असेल तर अर्धा-पाऊण तास.

सर्वांत जास्त रडारड होते ती बॅगांच्या टप्प्यावर. पोर्टरकडं दिलेली बॅग तुमच्या केबिनच्या दाराशी येते ती संध्याकाळी, कधी जहाज सुटल्यानंतर. तिच्यात पासपोर्ट ठेवून पुढं आलेला माणूस दर फेरीला एक तरी असतो. बॅग आतल्या पट्ट्यावर गेली की ती परत शोधून काढणं म्हणजे १,८०० प्रवाशांच्या सामानात आपली काळी ट्रॉली शोधणं. हातातल्या पिशवीत हे हवंच: सगळी ओळखपत्रं, बीपी-साखरेची औषधं दोन दिवसांची, इन्सुलिन, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, मुलांचे पोहायचे कपडे, आणि स्वेटर. जहाजाचा एसी बडोद्याच्या जानेवारीपेक्षा थंड असतो.

केबिन नंबराचा टॅग साध्या कागदावर छापून येतो. घडी घालून हँडलभोवती गुंडाळा, दोन स्टेपल मारा, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी. नुसती चिकटपट्टी दमट हवेत सुटते. प्रत्येक बॅगेला टॅग दोन, आणि केबिन नंबर व फोन लिहिलेली तिसरी चिठ्ठी बॅगेच्या आत.

एक्स-रेला अडणाऱ्या वस्तू ठरलेल्या: इस्त्री, पाण्याची इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती-धूप, सुरी. देवपूजेचं साहित्य नेणाऱ्यांनी निरांजन आणि उदबत्ती घरीच ठेवावी. जहाजावर आग ही सर्वांत मोठी भीती. शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजं नेऊ देत नाहीत. कंपनीच्या यादीत बंद पाकिटांना परवानगी असेल तरच लीलो चिवडो, भाकरवडी घ्या, तीही सील न फोडलेली. घरच्या डब्यातली लसणाची चटणी आणि लोणच्याची बरणी दोन्ही जातात, आणि बरणी फुटली तर जाताना शेजाऱ्याची बॅगही घेऊन जातात. गाडीत सोडायला आणलेले थेपले गाडीतच संपवा. आणि मुंबईत उतरल्या उतरल्या दारूच्या दुकानाकडं वळणाऱ्या गुजरातकरांसाठी: बाटली एक्स-रेत सापडते, काढून घेतात.

व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळी मागा, गेटवर ऐनवेळी मागितली तर आहेत तेवढ्या चार-सहा खुर्च्यांची वाट बघत बसावं लागतं. मुंबई बंदरात मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, त्याबरोबर जहाज वर-खाली होतं आणि गँगवेचा चढ बदलतो. खंभातच्या आखाताची भरती पाहिलेल्यांना याचं नवल नको. आजीला चढ जड जाणार असेल तर त्या दिवसाची भरतीची वेळ बघून ठेवा. कधी भरतीला चढ जास्त, कधी ओहोटीला, ते गँगवे कुठल्या डेकला लावलाय त्यावर. म्हणून खुर्ची मागूनच ठेवलेली बरी.

सिंगापूरहून क्रूझ घेणाऱ्यांची संख्या बडोद्यात वाढलीय, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथं दोन टर्मिनल आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर, त्याचं एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशन मरीना साउथ पिअर, आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. नावं कानाला सारखी लागतात, जागा वेगळ्या. टॅक्सीत बसण्याआधी पासवरचं नाव वाचा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. स्लॉट तिथल्या वेळेनं. हातातलं घड्याळ लगेच लावून घ्या, कारण फोन बदलतो पण बाबांचं एचएमटी बदलत नाही. रात्रीच्या विमानानं सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरून त्याच दिवशी दुपारचा स्लॉट धरणारे पुष्कळ आहेत. विमान तीन तास लेट झालं की संपलं. जहाज तुमच्या विमानाची वाट बघत नाही. एक रात्र आधी जा. तेवढं जमत नसेल तर स्लॉट शेवटून दुसरा घ्या आणि मधल्या वेळात सामान चांगीच्या बॅगेज स्टोरेजला ठेवून तिथल्याच ज्युएल मॉलमध्ये फिरा, टर्मिनलवर जाऊन बसू नका.

कागदांत दोन गोष्टी. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि क्रूझ मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येते, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा आहे ना, हे घरी बसून बघा. काउंटरवर कळलं तर बोर्डिंगच होत नाही. दुसरं, एसजी अरायव्हल कार्ड: पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचं, फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा.

चढल्यावर पहिली गोष्ट जेवण नाही, मस्टर. बऱ्याच जहाजांवर आता फोनवर व्हिडिओ बघून मग ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं असतं, पाच मिनिटांचं काम. ते लगेच उरका. सगळे ते शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलतात आणि मग स्पीकरवरून केबिन नंबर पुकारले जातात.

परतीच्या दिवशी हाच खेळ उलटा. उतरण्याचेही गट असतात, आणि आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या मोठ्या बॅगा टर्मिनलवर गटाच्या रंगाप्रमाणं लावलेल्या असतात. सकाळी सातला दारापाशी गर्दी करणारे इथंही असतात. त्यांची बॅग आलेली नसते. सगळं सामान स्वतः उचलून आधी उतरायची सोय बहुतेक जहाजांवर असते, लवकरची गाडी असेल तर ती घ्या. नाहीतर परतीचं तिकीट दुपारी दोननंतरचंच काढा. जहाज धक्क्याला लागायला तासभर उशीर झाला तर सकाळची गाडी गेलीच म्हणून समजा. आणि जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटली पिशवीत घालून बडोद्याच्या गाडीत बसू नका. गुजरातच्या हद्दीत परवान्याशिवाय ती गुन्हाच आहे, बिल दाखवलं तरी.